फसवणूक झालेला फोन तुमच्या हातात येतो तेव्हा

प्रत्येक वाडीत एक जण असा असतो, ज्याच्याकडे सगळ्यांचे फोन येतात. कुणाला सातबारा काढायचा असतो, कुणाला गॅस बुक करायचा असतो, कुणाच्या मुंबईच्या भावाला गणपतीचं रेल्वे आरक्षण हवं असतं. ‘पैसे गेले’ ही बातमीसुद्धा आधी त्याच्याकडे येते, पोलिसांकडे नंतर. हा लेख त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे. तुमचं होमस्टे असेल, आंब्याची पेटी ऑनलाइन विकत असाल किंवा होडीचे हिशेब मोबाइलवर ठेवत असाल, तर तुमच्यासाठीही आहे.

पोलीस ठाणं तालुक्याला असतं, सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या ठिकाणी. फोन तिथे पोहोचेपर्यंत तो तुमच्या हातात असतो आणि गुन्ह्याची जागा तोच फोन आहे. घरफोडी झाली की पोलीस येईपर्यंत कपाटाला हात लावू नये, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. फोनच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या दहा मिनिटांत सगळं झाडून-पुसून ठेवतो. त्यातलं बरंचसं लाजेपोटी होतं. “पोरा, ह्यां सगळा पुसून टाक, घरात कोणाक सांगू नको,” असं सांगणारे काका-काकी तुम्हाला भेटतीलच. त्यांना धीर द्या, घरच्यांना काय सांगायचं ते नंतर ठरवू म्हणा, पण काही पुसू नका.

पैसे अजून जात आहेत का?

आधी हे बघायचं, पुराव्याचं नंतर.

फोनवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन किंवा सरकारी योजनेच्या नावाने आलेली फाइल उघडून एखादं अ‍ॅप बसवलं गेलं असेल, तर ते अ‍ॅप येणारे एसएमएस वाचून, ओटीपीसकट, दुसरीकडे पाठवत असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायफाय व ब्लूटूथ बंद आहेत ना ते पाहा. काही फोनमध्ये फ्लाइट मोडनंतरही वायफाय चालू राहतं. दुरून स्क्रीन चालवणारं अ‍ॅप कुणी घ्यायला लावलं असेल, तरीही हेच करा. फोन बंद किंवा रीस्टार्ट करू नका, कारण चालू फोनच्या मेमरीत काही गोष्टी अशा असतात ज्या वीज गेली की संपतात. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, म्हणून चार्जिंगची सोय लगेच करा. ते अ‍ॅपही काढून टाकू नका. ती फाइल तपासणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. चोरलेले मेसेज कुठल्या सर्व्हरला किंवा कुठल्या नंबरला जात होते, ते अनेकदा तिच्यातच लिहिलेलं सापडतं.

आता दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर एटीएम कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला नंबर घेऊ नका, तिथे दुसरी टोळी बसलेली असू शकते. खातं, कार्ड आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक कागदावर उतरवा.

लगेच 1930 लावा. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. खाते क्रमांक, बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयमध्ये तो 12 आकडी असतो आणि अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. या क्रमांकाच्या आधारे तुमची बँक, पैसे ज्या बँकेत गेले ती आणि तिथून पुढे गेले असतील तर त्यापुढची, अशा साखळीने रक्कम अडवायचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पटापट फिरवतो आणि शेवटी एटीएममधून रोख काढतो किंवा क्रिप्टोत बदलतो. म्हणून पहिल्या तासाला एवढं महत्त्व आहे. 1930 लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर थेट तक्रार नोंदवा. फोनवर तक्रार झाली तरी पोर्टलवर उरलेला तपशील भरायचा असतो. तो टाळू नका आणि पोचपावती क्रमांक जपून ठेवा.

एक गोष्ट आपल्याकडे कोकणात खास सांगावी लागते. सिम स्वॅप म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम चोराने काढून घेणं. त्याची पहिली खूण म्हणजे फोनची रेंज अचानक जाणं. शहरातल्या माणसाला ते चटकन खटकतं. आपल्याकडे रेंजसाठी सड्यावर जायची सवय असल्याने तासन्‌तास कुणाच्या लक्षात येत नाही. रेंज गेली की शेजारच्याचं त्याच कंपनीचं सिम चालतंय का ते बघा. त्याचं चालतंय आणि तुमचं रीस्टार्ट करूनही येत नाही, तर कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. वर रीस्टार्ट नको म्हटलं ते संशयित अ‍ॅप असलेल्या फोनबद्दल; इथे तशी अडचण नाही.

पुरावा कुठल्या क्रमाने उचलायचा

जे लवकर नाहीसं होईल ते आधी, हा फॉरेन्सिकचा, म्हणजे पुरावे तपासण्याच्या शास्त्राचा, जुना नियम आहे. फोन फ्लाइट मोडवर असेल तरी आत उतरलेले मेसेज दिसतातच, तेवढं काम ऑफलाइन होतं.

टेलिग्राम सगळ्यात आधी. तिथे समोरचा माणूस अख्खं संभाषण दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. ‘घरबसल्या टास्क करा’ म्हणणाऱ्या टोळ्या तिथे असतात त्याचं हेही एक कारण. फोन ऑनलाइन असेल तर एका मिनिटात सगळं गायब होऊ शकतं. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा सलग व्हिडिओ काढा: वरपासून खालपर्यंत हळू सरकवत, प्रोफाइल उघडून, अ‍ॅट चिन्हापासून सुरू होणारं युजरनेम दाखवत. नुसतं दिसणारं नाव काही कामाचं नाही, ते कुणीही कधीही बदलतो.

मग व्हॉट्सअ‍ॅप. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असतील तर घड्याळ तुमच्याविरुद्ध चालू आहे, मुदत 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांची असते. चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करा, मीडियासकट. समोरच्याचा नंबर देशाच्या कोडसह दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्याला रागाने ब्लॉक किंवा रिपोर्ट करायची घाई नको. तसं करताना चॅट पुसण्याचा पर्याय समोर येतो आणि घाबरलेला माणूस दिसेल ते दाबत सुटतो.

त्यानंतर एसएमएस, कॉलची यादी आणि बँकेचं पीडीएफ विवरण. ईमेल आला असेल तर नुसता फॉरवर्ड करू नका. जीमेलमध्ये संगणकावर ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय असतो. तिथे पत्राचा पूर्ण प्रवास, कुठल्या सर्व्हरवरून कुठे आणि किती वाजता, ओळीने दिसतो. ती फाइल जशीच्या तशी उतरवून घ्या. फॉरवर्ड केलेल्या पत्रात हा मूळ प्रवास राहत नाही.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या बनावट पानाचा स्क्रीनशॉट पुरत नाही, पानाची लिंक हवी. इथे होमस्टेवाल्यांनी कान द्यावा. समजा पुण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन तारकर्लीत तुमच्या दारात उभं राहिलं. त्यांनी तुमच्या नावाच्या, तुमचेच फोटो लावलेल्या पानावर आगाऊ पैसे भरलेत आणि तुमच्याकडे त्यांचं बुकिंगच नाही. अशा वेळी ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. पानाची लिंक, त्यांनी पैसे भरलेला यूपीआय आयडी आणि त्यांचं चॅट तिथेच बसून जतन करायला मदत करा आणि तुम्हीही तक्रार करा. तुमच्याकडे एक भक्कम पुरावा आधीपासून असतो: त्या फोटोंच्या मूळ फाइल. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि अनेकदा ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते, म्हणून पुरावा पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

दुसरा प्रकार उलटा. देवबागच्या एखाद्या काकींना फोन येतो: आम्ही लष्करातले, दहा जणांचं बुकिंग हवंय, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, हा कोड स्कॅन करा. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही, हे गावात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि तरी झालंच, तर ते क्यूआर कोडचं चित्र जपा. त्यात चोराचा यूपीआय आयडी लिहिलेला असतो.

हे सगळं करताना एका वहीत लिहीत जा: फोन हातात कधी आला, कोणी दिला, तुम्ही काय उघडलं, काय उतरवलं, किती वाजता. चार लोकांच्या हातून फोन फिरला असेल तर तेही लिहा. खटला उभा राहतो तेव्हा आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की मधल्या वेळात या फोनला कोणकोण हात लावत होतं. वहीतल्या त्या दोन पानांचं मोल तेव्हा कळतं.

पुसलेलं परत येतं का?

कधी येतं, कधी येत नाही. थोडं समजून घेतलं तर मोडतोड टळेल.

घरावरची नावाची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की असंच व्हायचं: नोंद जायची, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहायचा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2005 साली एक जुना खुनी याच कारणाने सापडला. त्याने पोलिसांना फ्लॉपी पाठवली होती. तिच्यात आधी पुसलेली एक वर्ड फाइल उरली होती आणि तिच्या आतल्या नोंदीत एका चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे नाव होतं. तेवढ्यावरून पोलीस डेनिस रेडरपर्यंत पोहोचले.

आजच्या फोनमध्ये गोष्ट अवघड झाली आहे. साठवण फ्लॅश मेमरीत असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच मागच्या मागे साफ करत राहतो. शिवाय मजकूर सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून) कुलूपबंद असतो आणि किल्ली गेली की मजकूर असून नसल्यासारखा. चॅटचे मेसेज मात्र एका डेटाबेसमध्ये असतात. त्यातली एखादी ओळ पुसली तरी ती काही काळ रिकाम्या पानात पडून राहू शकते आणि प्रयोगशाळेत ती कधीकधी सापडते. फोन जितका जास्त वापराल तितकी ती शक्यता कमी. आणि ‘फॅक्टरी रीसेट’ मारला की किल्ल्याच नष्ट होतात, मग भल्या मोठ्या प्रयोगशाळेचाही इलाज चालत नाही. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचा पहिला सल्ला बहुधा हाच असतो, “फॉरमॅट मारू या”. त्याला थांबवा. पुसलेलं परत आणून देणारी फुकट अ‍ॅपही नकोत. ती बसवतानाच उरलेल्या जागेवर नवं लिहिलं जातं.

पोलीस ठाण्यात

जवळच्या ठाण्यात जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ‘पैसे झारखंडच्या खात्यात गेले, आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. कलमं बहुधा भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधली 66 सी, 66 डी ही असतात. 66 सी दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी आणि 66 डी तोतयेगिरी करून फसवण्यासाठी, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी करतो, म्हणून ठाण्यातले हवालदार ‘साहेब आले की या’ म्हणाले तर ती टाळाटाळच असेल असं नाही. अर्ज देऊन पोच मात्र घ्या.

अर्ज साध्या मराठीत, वेळेच्या क्रमाने लिहा. वेळ मिनिटापर्यंत लिहा. मी यावर एवढा भर देतो त्याला कारण आहे. तपास अधिकारी टेलिकॉम कंपनीला विचारतो की अमुक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, अमुक वेळी कोणाकडे होता. मोबाइल इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्याआड एका वेळी असंख्य ग्राहक असतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि त्या जोडणीचा पोर्ट क्रमांक मिळाला तरच माणूस वेगळा काढता येतो. त्यात परदेशी कंपन्यांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, आपल्या साडेपाच तास मागे. त्यांच्या नोंदीतला रात्रीचा 10:40 म्हणजे आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची पहाटे 4:10. तुमच्या अर्जात ‘रात्री केव्हातरी’ असेल तर हा मेळ कसा बसायचा?

दुसरं कारण कॅमेरे. चोराच्या माणसाने ज्या एटीएममधून रोख काढली तिथल्या जुन्या चित्रणावर ठरावीक दिवसांनी आपोआप नवं चढत जातं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला, दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले आणि 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. सुरुवात संगणकात शिरलेल्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, झाली, पण रोख काढायला शेवटी माणसंच एटीएमसमोर उभी राहिली. तुमच्या काकांच्या वीस हजारांचंही तसंच आहे. कुठेतरी एक माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला असतो आणि ते चित्रण अजून शिल्लक आहे की नाही एवढाच प्रश्न असतो.

फोन जप्त झाला तर

प्रत्येक प्रकरणात फोन घेतलाच जातो असं नाही. घेतला तर पंचनामा होतो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं. पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बरोबर आहे ना ते बघा. तो डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश टाकलं की दिसतो. सिम आणि मेमरी कार्ड वेगळं नोंदवलंय का, फोन तुमच्यासमोर सीलबंद झाला का, हेही पाहा. हंगामात ज्याचा धंदा त्या फोनवर आहे त्याने आधीच सांगावं, की डेटा काढून घेऊन फोन लवकर परत मिळावा. मुद्देमाल सोडवून घ्यायचा तर न्यायालयात अर्ज करता येतो.

प्रयोगशाळेत पहिलं काम म्हणजे हुबेहूब प्रत काढणं. मूळ माध्यमावर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून हार्ड डिस्कसारख्या साधनांना ‘राइट ब्लॉकर’ लावतात. मग त्या प्रतीची हॅश काढतात. एसएचए-256 या पद्धतीत फाइल केवढीही असो, तिच्यापासून 64 चिन्हांचा एक आकडा तयार होतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पार वेगळा येतो. पुढची सगळी तपासणी प्रतीवर होते आणि कोर्टात कुणी शंका घेतली की पुन्हा हॅश काढून दाखवतात.

हे तुम्हीही करू शकता. एक्स्पोर्ट केलेलं चॅट आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतलात की विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने त्यांची हॅश काढून वहीत लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश लिहायची जागाच आहे. त्याचे दोन भाग असतात: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आधीच्या कायद्यात हेच 65 बी होतं. जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात 2020 साली न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचं सांगितलं. मूळ फोनच साक्षीत हजर केला तर वेगळं. पण नुसते प्रिंट काढलेले स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर हा प्रश्न येणारच.

पैसे आणि बँक

रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आहे. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कुणाची, आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेचे. म्हणून बँकेला लेखी कळवल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे.

अडवून ठेवलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्याला विचारत राहा. याच दरम्यान ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी एवढी फी भरा’ असा फोन येईल. तीही फसवणूकच.

कधी आपलंच खातं गोठतं. मासळी विकली, पेट्या पाठवल्या, गिऱ्हाइकाने दिलेले पैसे चोरीचे निघाले आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने खात्यावर रोक लावली. अशा वेळी बँकेकडून तक्रार क्रमांक आणि त्या ठाण्याचं नाव घ्या. बिल, बुकिंगची नोंदवही, पार्सलची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेलं चॅट ईमेलने पाठवा. संपूर्ण खात्याऐवजी वादातल्या रकमेपुरतीच रोक ठेवावी, अशी लेखी विनंती करा.

तपास अधिकाऱ्याने फोनची प्रत घेतल्याचं लेखी दिल्यावर मगच फोन रीसेट करा. सिम नवं घ्या, यूपीआय पिन आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. जुना बॅकअप परत चढवताना संशयित अ‍ॅपची फाइल त्यात नाही ना हे पाहा, नाहीतर ती पुन्हा त्याच फोनवर येईल.